जुन्या जीपचे सुकाणू-चक्र

१९४१ ते १९४५ या युद्धकाळात बांधलेल्या विलीज जीपचे चक्र ढिले झाले म्हणजे पुष्कळ लोक प्रथम पेटीचाच स्क्रू आवळतात. आमच्या मते ही घाई होय. आधी पुढची चाके जॅकवर उचलून हलवून पाहावी. पुष्कळदा दोष सांध्यांत किंवा बेअरिंगांत सापडतो. तो काढल्यावर जोडदांडा सोडवून चक्र बरोबर मध्यावर आणावे, व नट सैल करून स्क्रू थोडथोडा आवळावा.

मध्यावरच का? आतील मळसूत्राची खाच तेथे मुद्दाम अरुंद केलेली असते. चक्र कडेला वळवून स्क्रू आवळला, तर ते मध्यावर आखडते. आणि समोरून बैलगाडी आली असता हात वेळेवर वळत नाही! नट घट्ट केल्यावर चक्र दोन्ही टोकांपर्यंत फिरवावे. अडखळल्यास स्क्रू किंचित मागे घ्यावा.