नाद डोळ्यांना दाखवायचा कसा?

नाद ऐकायचा असतो आणि मुखपृष्ठ पाहायचे. संगीतविषयक मासिकाच्या चित्रकारापुढील अडचण नेमकी हीच. बारामती किंवा इंदापूरच्या एस. टी. स्थानकावर एकावर एक रचलेल्या अंकांचा बहुधा वरचाच पट्टा दिसतो. म्हणून नाव वर, ठळक. त्याखाली चेहरा, नजर थेट आपल्यावर. आपल्याकडील गायकाचे छायाचित्र मात्र पुष्कळदा तंबोऱ्यासह, डोळे मिटलेले! स्वरांशी ते प्रामाणिक खरे, पण गाडी गाठण्याच्या घाईतील प्रवाशाला ते थांबवीत नाही. अमेरिकेतील ‘रोलिंग स्टोन’च्या पहिल्या अंकावर (नोव्हेंबर १९६७) ‘बीटल्स’मधील जॉन लेनन झळकला, तो वाद्याविना, चित्रपटातील सैनिकाचे शिरस्त्राण घालून. गायकाच्या डोक्यावर हे कशाला, असे मनात आले की हात अंकाकडे जातोच. मराठीत दीनानाथ दलालांनी १९४५ पासून ‘दीपावली’वर ठसठशीत रेषा व उजळ रंग वापरून नजर खेचली. १९४७ च्या ‘संगीत कला विहार’ची गोष्ट निराळी. गांधर्व महाविद्यालय मंडळाचे हे मासिक. त्याचा वाचक मुख्यतः संगीताचा विद्यार्थी वा शिक्षक, त्याला चित्राचे आमिष नको. परंतु मैफल कधीच न ऐकलेला आपल्या तालुक्यातील तरुण वाचक हवा असेल, तर त्याला तंबोऱ्याची खुंटी पिळणारी बोटे अगदी जवळून दाखवावीत, असे मला वाटते.