कंबुजदेशाच्या बाहुल्या आणि त्यांचा पेहराव

बाहुली म्हटली की मुलींची भातुकली डोळ्यांपुढे येते. परंतु परदेशाचा पेहराव, अलंकार व चालीरीती समजून घ्यावयाच्या असतील, तर तेथील बाहुल्यांसारखे सुलभ साधन नाही. दिल्लीस के. शंकर पिल्लै यांनी स्थापिलेले व १९६५ साली खुले झालेले आंतरराष्ट्रीय बाहुली-संग्रहालय हा याचा उत्तम दाखला होय. प्रस्तुत लेखात आम्ही कंबोडियाच्या, म्हणजेच प्राचीन कंबुजदेशाच्या, बाहुल्यांचा विचार करणार आहोत. प्रवासी लोक तेथून या बाहुल्या आठवण म्हणून आणतात व काचेच्या कपाटात मांडून ठेवतात. त्या नुसत्या पाहण्याऐवजी वाचाव्या कशा, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम बाहुलीच्या कमरेकडे पाहावे. तेथील मुख्य वस्त्रास ‘सांपोत’ म्हणतात. ते सुमारे ३ मीटर लांब व १ मीटर रुंद असते आणि त्याला शिवण नसते. ते कमरेभोवती गुंडाळून पुढे दोन्ही टोके एकत्र पिळतात. तो पीळ दोन्ही पायांमधून मागे नेऊन खोचतात व वरून पट्टा आवळतात. या पद्धतीला ‘चाँग क्बेन’ असे नाव आहे. स्त्रिया व पुरुष दोघेही असे नेसतात. ज्यांच्या घरी धोतराचा किंवा नऊवारी लुगड्याचा काष्टा घातला जातो, त्यांना ही रीत परकी वाटणार नाही. फरक एवढाच की, आपण निऱ्या घालतो व ख्मेर लोक पीळ देतात.

आता वस्त्राचे पोत पाहावे. एकरंगी किंवा धूपछाव रेशमास ‘फामुओंग’ म्हणतात. नक्षीदार रेशमास ‘होल’ म्हणतात. होलमध्ये आडवे धागे, म्हणजे बाणा, विणण्यापूर्वीच जागोजागी बांधून रंगवितात. विणताना नक्षी आपोआप उमटत जाते. गुजरातेतील पाटणच्या पटोळ्यात ताणा व बाणा दोन्ही असे रंगविलेले असतात. पटोळी पूर्वी जहाजांनी आग्नेय आशियात जात असत. अंगकोरच्या राजधानीत १२९६-९७ साली राहिलेला चिनी प्रवासी झोउ दाग्वान लिहितो की, संपूर्ण फुलांच्या नक्षीचे वस्त्र वापरण्याचा अधिकार केवळ राजाला होता आणि पश्चिम सागराकडून येणारे कापड सर्वांत उत्तम मानले जाई. वस्त्रावरून दर्जा ओळखण्याची चाल किती जुनी आहे, हे यावरून ध्यानात येईल.

मुकुट घातलेली, बोटे मागे वळविलेली बाहुली अप्सरेची समजावी. या मुकुटास ख्मेर भाषेत ‘मकोत’ म्हणतात. शब्द आपलाच संस्कृत ‘मुकुट’ होय. हा वेश बाराव्या शतकातील अंगकोर वाट मंदिराच्या भिंतींवरून घेतलेला आहे. तेथे कोरलेल्या देवतांच्या वस्त्रालंकारांचा अभ्यास साफो मार्शाल या फ्रेंच विदुषीने १९२७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. मात्र आज दिसणारे अप्सरानृत्य विसाव्या शतकाच्या मध्यास राणी कोसामाक यांनी बसविले आणि त्यांची नात राजकन्या बुप्फा देवी हिने ते प्रथम गाजविले. राजनर्तकांची वस्त्रे प्रयोगापूर्वी त्यांच्या अंगावरच शिवून घट्ट बसवितात.

जोडीने असलेल्या बाहुल्या बहुधा वधूवरांच्या असतात. वधूच्या खांद्यावरील शेल्यास ‘स्बाय’ म्हणतात. विवाहात वर त्याचा पदर धरून वधूच्या मागोमाग चालतो. प्रेह थोंग नावाचा राजपुत्र नागकन्येचा पदर धरून पाताळात गेला, अशी कथा त्यामागे आहे. आपल्याकडे उपरण्याची व शालूची गाठ बांधतात. तेथे पदर हाती धरतात.

तिसरी बाहुली शेतकऱ्याची. तिच्या डोक्याला किंवा गळ्याभोवती चौकड्यांचे ‘क्रमा’ असते. मुंडासे, अंगपुसणे, पोराची झोळी, बाजाराचे गाठोडे, अशी सारी कामे हे एकच फडके करते.

येथवर सारे रम्य वाटेल. परंतु १७ एप्रिल १९७५ ते जानेवारी १९७९ या काळात ख्मेर रूज राजवटीने सर्वांना काळे कपडे घालावयास लावले; रंगीत रेशीम व दागिने वर्ज्य झाले. सुमारे १५ ते २० लाख माणसे उपासमारीने, रोगाने व हत्येने मेली. राजनृत्याचे बहुतेक सर्व गुरू व वादक त्यांत गेले. विणकरांचे मागही थंडावले. नक्षी कागदावर उतरविण्याची चाल नव्हती. ती हातांच्या स्मरणात होती. हात गेले, तेथे नक्षीही गेली.

पुढे १९९५ साली किकुओ मोरिमोतो हे जपानी वस्त्रकार युनेस्कोच्या कामी खेडोपाडी फिरले, तेव्हा होल विणणाऱ्या काही वृद्धा त्यांना भेटल्या. १९९६ साली त्यांनी ख्मेर वस्त्रांसाठी संस्था काढली, आज्यांना गुरुस्थानी बसविले व तरुण मुलींना त्यांच्या हाताखाली दिले. तुतीची लागवड केली, लाखेचा तांबडा व नीळीचा निळा रंग पुन्हा सिद्ध केला. मोरिमोतो २०१७ साली निवर्तले. नृत्याचाही उद्धार हयात राहिलेल्या मोजक्या गुरूंकडून झाला. २००३ साली युनेस्कोने कंबोडियाच्या राजनृत्यास मानवजातीचा वारसा म्हणून गौरविले.

यातून आम्हांस एक बोध घ्यावासा वाटतो. बाहुलीचे वस्त्र बहुधा शिवलेले किंवा चिकटवलेले असते. वेश कसा दिसतो हे ती दाखविते, पण तो कसा नेसावा हे ती सांगू शकत नाही. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्यासारख्या समाजाने हे विशेष ध्यानी धरावे. चैत्रगौरीच्या आराशीत नऊवारीतली बाहुली मांडणे चांगलेच; पण त्याच दिवशी घरातील वडीलधाऱ्या बाईकडून ते लुगडे नेसावयास मुलींनी शिकावे. कंबुजदेशात त्या काही आज्या उरल्या होत्या म्हणून धागा पुन्हा जुळला. आपल्याकडे त्या आहेत, तोवरच विचारून घ्यावे.