माऊस त्यांच्याच हातात द्या

पोरांनो, आई-बाबा रिटायर झाले, हाताशी वेळ आला, मोबाइलवरची बारीक अक्षरं वाचून डोळे शिणायला लागले, की त्यांना कॉम्प्युटर घेऊन द्यावा असं तुमच्या मनात येतं. विचार चांगला आहे. फक्त गणपतीला किंवा दिवाळीला घरी याल तेव्हाच घ्या, म्हणजे चार दिवस त्यांच्याजवळ बसता येईल. शेजारीपाजारी, नात्यागोत्यातल्या बऱ्याच वडीलधाऱ्यांना मी कॉम्प्युटर शिकवला. त्यातून जे उमगलं, ते तुमच्या कानावर घालतो.

आधी विचारा, मग दुकान गाठा. बाबांना बँकेचं खातं आणि म्युच्युअल फंडाचं स्टेटमेंट बघायचंय? आईला नाट्यगीतं ऐकायचीत, नातवाशी व्हिडिओ कॉल करायचाय, की आठवणी लिहायच्यात? यातल्या कशालाच महागडं मशीन लागत नाही. पेन्शनरांचा नोव्हेंबरातला हयातीचा दाखला तर आता मोबाइलच्या कॅमेऱ्यात चेहरा दाखवूनही देता येतो. ८ जीबी रॅम आणि २५६ जीबीची एसएसडी पुरते. १६ आणि ५१२ परवडत असेल तर उत्तमच. एसएसडी मात्र हवीच. जुन्या हार्ड डिस्कचं मशीन सुरू व्हायला वेळ लावतं, माणसाला वाटतं बटण दाबलंच गेलं नाही, तो पुन्हा दाबतो आणि मशीन बंद पडतं.

पैसे पडद्यावर घाला. एकाच घरी राहत असतील तर डेस्कटॉप आणि २४ इंची मॉनिटर घ्या. सहा महिने मुलाकडे, सहा महिने गावी असं असेल तर लॅपटॉप घ्या. पण गावी त्याला वेगळा मॉनिटर, कीबोर्ड आणि माऊस जोडून द्या. बायफोकल चष्मा असेल तर आणखी एक काळजी घ्या. वाचायचा नंबर भिंगाच्या खालच्या भागात असतो. मॉनिटर उंच असला की हनुवटी वर करून बघावं लागतं आणि थोड्याच वेळात मान धरते. म्हणून मॉनिटर नेहमीपेक्षा खाली आणि किंचित मागे कललेला ठेवा. खाली-वर होणारा स्टँड असेल तर सोय होते. अक्षरांचा आकार सेटिंगमध्ये १२५ किंवा १५० टक्के करून द्या.

जुनं मशीन घेताना डोळे उघडे ठेवा. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. त्याआधीची मशीन मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय किंवा तालुक्याच्या गावी काय, स्वस्तात मिळतात. ती आई-बाबांच्या गळ्यात मारू नका. विंडोज ओरिजिनल आहे ना, हे दुकानातच बघा. पक्कं बिल घ्या, त्यावर सिरीयल नंबर लिहून घ्या. वॉरंटी ऑन-साइट हवी, म्हणजे इंजिनिअर घरी येतो. नाहीतर सत्तरीतल्या माणसाला मशीन उचलून एसटीने जिल्ह्याच्या गावी न्यावं लागतं.

यूपीएस घ्या, प्रिंटर राहू द्या. डेस्कटॉपला ६०० व्हीएचा यूपीएस पुरतो. लाइट गेली तर काम सेव्ह करून मशीन नीट बंद करण्यापुरता वेळ त्यातून मिळतो. इंकजेट प्रिंटर मात्र वापराविना पडून राहिला की त्याची शाई वाळते. महिन्यातून दोन कागद काढायचे तर कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला आहेच.

डबल क्लिकपाशी थांबा. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. दोन क्लिकच्या मध्ये हात किंचित हलतो, बाण सरकतो, फाइल उघडत नाही आणि आई म्हणते, ‘मला नाही बाई जमायचं.’ इथे दोष सेटिंगचा आहे, आईचा नाही. डबल क्लिकचा वेग कमी करा किंवा एका क्लिकने फाइल उघडेल अशी सोय करा. विंडोजमध्ये दोन्ही जमतं. एकदा क्लिक करून एंटर दाबलं तरी काम होतं. बाणही मोठा करून ठेवा.

मराठी पहिल्याच दिवशी सुरू करा. विंडोजमध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे. इंग्रजी अक्षरांत उच्चार टाइप केला की मराठी शब्द उमटतो. ज्यांनी सरकारी कचेरीत मराठी टायपिंग केलंय, त्यांना रेमिंग्टन पद्धतीचा कीबोर्ड बसवून द्या. बोटांना सवय असते, गाडी लगेच रुळावर येते.

फसवणुकीबद्दल स्पष्ट बोला. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर पोलीस कुणाला अटक करत नाहीत. कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आलाय, या नंबरवर फोन करा, असं पडद्यावर झळकलं तर फोन करायचा नाही, सरळ मशीन बंद करायचं. कुणी फोनवरून एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअरसारखं, आपलं मशीन दुसऱ्याला दुरून चालवू देणारं ॲप टाकायला सांगितलं तर फोन ठेवून द्यायचा. बँकांच्या वेबसाइटचे पत्ते आता ‘डॉट बँक डॉट इन’ असे असतात, ते तपासून मगच पासवर्ड टाकायचा. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसायचं नाही, ताबडतोब सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन करायचा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. आणि तुम्हीही त्यांच्यावर ओरडणार नाही असा शब्द द्या. ओरडा बसेल या भीतीने माणसं फसवणूक लपवतात आणि मोलाचा वेळ जातो.

एक वही घाला. मशीन कसं सुरू करायचं, मेल कसा बघायचा, हे सगळं आई-बाबांनी स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या शब्दांत लिहायचं. तुम्ही टाइप करून दिलेला कागद हरवतो, स्वतः लिहिलेली वही सापडते.

शेवटचं सांगतो, आणि सगळ्यात महत्त्वाचं. शिकवताना माऊस त्यांच्याच हातात असू द्या. ‘थांबा, मी करून देतो’ म्हणून तुम्ही चटचट चार क्लिक केलेत, की काम होतं, पण त्यांच्या हाती काहीच लागत नाही. शेजारी खुर्ची घ्या, हात मांडीवर ठेवा आणि तोंडाने सांगा. एका दिवशी एकच गोष्ट, तीच पुन्हा दुसऱ्या दिवशी. या माणसांनी संसार चालवले, कचेऱ्या सांभाळल्या; कॉम्प्युटरही ते शिकतील. तेवढा वेळ काढता येत असेल तरच मशीन घ्या, आणि घेतलंत की तो वेळ नक्की द्या.