वाचनाची गोडी आणि गावचे ग्रंथालय

अक्षरओळख झाली म्हणजे वाचनाची गोडी लागतेच असे नाही. शाळा सुटल्यावर पुस्तकही सुटते, हा अनेक गावांचा अनुभव आहे. वाचन हे केवळ परीक्षेचे साधन मानले गेल्याचा हा परिणाम होय.

आपल्या परिसराशी नाते सांगणारे पुस्तक हाती आले की वाचनाचा आनंद सहज लाभतो. श्रीवर्धन तालुक्यातील दिघी हे राजपुरी खाडीवरचे बंदर याचे उत्तम उदाहरण ठरेल. येथून होडीने जंजिऱ्याला जाता येते, त्यामुळे हा किल्ला येथील मुलांच्या परिचयाचा असतो. परंतु १६८२ च्या सुमारास संभाजी महाराजांनी त्याला घातलेला वेढा, किंवा १९४८ पर्यंत टिकलेले सिद्दींचे संस्थान, यांची हकीकत पुस्तकातूनच उलगडते. ती वाचल्यावर नेहमीचा तट नव्याने दिसू लागतो. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘गारंबीचा बापू’ (१९५२) या कादंबरीतही कोकणच्या वाचकाला ओळखीची माणसे भेटतात.

प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक लाभावे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, हे तत्त्व डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्येच मांडले. याचा अर्थ निवड वाचकाची असावी. न रुचलेले पुस्तक अर्ध्यावर ठेवण्याची त्याला मोकळीक हवी. शिक्षकांनी एखादे प्रकरण वर्गात मोठ्याने वाचावे आणि ऐन उत्कंठेच्या जागी थांबावे. पुढचा भाग मुले आपणहून शोधतील. त्यावर प्रश्नपत्रिका मात्र काढू नये.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा अधिनियम १९६७ मध्ये झाला. शासनमान्य ग्रंथालयांना त्यांच्या वर्गानुसार अनुदान मिळते. तथापि, कुलूपबंद कपाटातील पुस्तके केवळ नोंदवहीची शोभा वाढवितात. पुस्तक फाटेल या भीतीपेक्षा ते न वाचताच जीर्ण होईल, ही चिंता अधिक मोठी मानली पाहिजे.

पावसाळ्यात यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर बंदी असते. किनाऱ्यावरील गावांत जाळी विणण्याचे व दुरुस्तीचे काम तेव्हा बसून चालते. अशा वेळी एकाने वाचावे आणि इतरांनी ऐकावे. पोथीश्रवणाची परंपरा असलेल्या आपल्या समाजाला ही रीत परकी नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही या आनंदात वाटा मिळेल. ग्रामपंचायतीने त्यासाठी एक दिवा, एक सतरंजी आणि उघडे कपाट एवढी सोय केली, तरी आरंभास ती पुरेशी आहे.