पीतज्वराचा शोध आणि घरी धाडलेली पत्रे

तुम्ही अंधेरीला राहत असा वा घाटकोपरला, मुलुंडला किंवा बोरिवलीला, एक डास तुमच्या चांगल्या ओळखीचा असणार. काळसर अंग, पायांवर पांढरे पट्टे आणि भर दिवसा चावण्याची खोड. पाणी साठवण्याचे पिंप, कुंडीखालची ताटली, गच्चीवर पडलेला जुना टायर ही त्याची वाढण्याची ठिकाणे. त्याची अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात आणि पिंपात पुन्हा पाणी भरले की त्यांतून अळ्या बाहेर येतात. हा ईडिस इजिप्ती होय. उपनगरांत दर पावसाळ्यात डेंग्यू पसरवतो तो हाच.

याच डासाचा आणखी एक पराक्रम आहे. आफ्रिका व अमेरिका खंडांतील शहरांत पीतज्वराने हजारो माणसे मेली, त्या रोगाचा वाहकही हाच. या रोगात यकृत बिघडते, कातडी व डोळे पिवळे होतात आणि उलटीतून काळपट रक्त पडते. बहुतेक रोगी काही दिवसांत बरे होतात. पण ज्यांचा आजार गंभीर होतो त्यांतले सुमारे निम्मे दगावतात. भारतात हा रोग एकदाही झाल्याची नोंद नाही. आपल्याकडे डास आहे, डासाला चावायला माणसे आहेत, नाही तो केवळ विषाणू.

डासाचा हा अपराध कसा सिद्ध झाला हे पाठ्यपुस्तकात दोन ओळींत मिळते. ती कथा जरा सावकाश वाचायची असेल, तर शास्त्रज्ञांनी घरी लिहिलेल्या पत्रांकडे वळावे लागते.

हवाना शहरातील डॉक्टर कार्लोस फिनले यांनी १८८१ मध्येच डासावर बोट ठेवले होते. त्यांना डासाची जातसुद्धा बरोबर सापडली होती; पण प्रयोगाने खात्रीलायक पुरावा देता आला नाही आणि जवळजवळ वीस वर्षे त्यांचे कोणी ऐकले नाही. मधल्या काळात आपल्याकडे एक मोठी घटना घडली. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे परजीवी दिसले. (रॉस यांनी या काळात लंडनच्या पॅट्रिक मॅन्सन यांना लिहिलेली शंभरावर पत्रेही जपून ठेवलेली आहेत. त्यांवर कधीतरी स्वतंत्र लेख लिहायला हवा.) डास रोग वाहून नेऊ शकतो ही कल्पना आता हास्यास्पद राहिली नव्हती.

मे १९०० मध्ये अमेरिकन सैन्याने चार डॉक्टरांचे मंडळ क्यूबात नेमले. वॉल्टर रीड हे प्रमुख. जेम्स कॅरल, जेसी लॅझियर व अरिस्टिडिस अग्रामोंते हे सहकारी. डासांचे काम लॅझियर यांच्याकडे आले, कारण बॉल्टिमोरला त्यांनी हिवतापाच्या परजीवींचा अभ्यास केलेला होता. फिनले यांनी स्वतः डासांची अंडी दिली. अंड्यांतून डास निघाले, त्यांना पीतज्वराच्या रोग्यांचे रक्त पाजले आणि मग ते निरोगी माणसांना चावू दिले. अशी नऊ माणसे होती, आणि लॅझियर त्यांतलेच एक. कोणालाही काही झाले नाही!

का झाले नाही? उत्तर हेन्री कार्टर नावाच्या डॉक्टरांच्या निरीक्षणात दडलेले होते. मिसिसिपी राज्यातील खेड्यांत त्यांनी १८९८ मध्ये पाहिले होते, की घरात पहिला रोगी निघाल्यावर पुढचे रोगी लगेच निघत नाहीत, मध्ये दोन ते तीन आठवडे जातात. याचा अर्थ, रोग्याचे रक्त प्यालेला डास लगेच घातक होत नाही. विषाणू डासाच्या पोटातून त्याच्या लाळेपर्यंत पोहोचायला वेळ घेतो. उष्ण हवेत सुमारे बारा दिवस लागतात. दुसरी अट अशी, की रोग्याच्या रक्तात विषाणू भरपूर असतो तो आजाराच्या पहिल्या तीनेक दिवसांतच. आधीच्या प्रयोगांत या दोन अटी एकत्र जुळल्याच नव्हत्या. २७ ऑगस्टला कॅरल यांनी ज्या डासाला आपल्या हातावर बसू दिले, त्याने बारा दिवसांपूर्वी एका रोग्याला आजाराच्या दुसऱ्याच दिवशी चावले होते. कॅरल मरणाच्या दारातून परत आले. पाठोपाठ विल्यम डीन हा सैनिकही आजारी पडला आणि बरा झाला.

आता ८ सप्टेंबर १९०० चे पत्र पाहू. लॅझियर यांनी ते क्यूबातील छावणीतून पत्नीला लिहिले. ती बाळंतपणासाठी अमेरिकेत गेली होती आणि दुसरे अपत्य नुकतेच जन्मले होते. पत्राचा आशय असा: खऱ्या रोगजंतूचा माग मला लागला आहे असे वाटते, पण याविषयी एवढ्यात चकार शब्द काढायचा नाही, मीही कोणाजवळ बोललेलो नाही.

हे पत्र कसे वाचावे? प्रथम तारीख पाहा. कॅरल व डीन आजारी पडल्यानंतरचे हे पत्र आहे, म्हणजे लॅझियर यांच्या हाती तेव्हा दोन माणसांचा पुरावा होता. मग शब्द पाहा. ते ‘रोगजंतू’ म्हणतात, पण तो त्यांनी पाहिलेला नव्हता आणि त्यांच्या सूक्ष्मदर्शकातून दिसणेही शक्य नव्हते. पीतज्वराचा कारक जीवाणू अडवणाऱ्या गाळणीतून पार जातो हे कॅरल यांनी पुढे १९०१ मध्ये दाखवले. तेव्हा लॅझियर यांच्या हाती लागला होता तो जंतू नव्हे, त्याचा वाहक. आणि शेवटी, पत्रात नसलेली गोष्ट पाहा. स्वतःच्या जिवाला असलेल्या धोक्याविषयी त्या आशयात अवाक्षर नाही.

पाचच दिवसांनी, १३ सप्टेंबरला, त्यांना डास चावला. १८ तारखेला ते आजारी पडले आणि २५ सप्टेंबरला वारले. वय ३४. नवे बाळ त्यांनी पाहिलेच नाही. रुग्णालयात काम करताना एक भटका डास हातावर बसला, असे त्यांनी सहकाऱ्यांना सांगितले. परंतु त्यांच्या नोंदवहीत १३ सप्टेंबर या तारखेला ‘गिनीपिग क्रमांक १’ ला डास चावल्याची नोंद आहे. तो गिनीपिग म्हणजे स्वतः लॅझियर, असा काही इतिहासकारांचा तर्क आहे. माझे मत विचाराल तर हा तर्क पटण्यासारखा आहे. पण तर्क म्हणजे पुरावा नव्हे, हे पीतज्वराच्याच इतिहासात फिनले यांना वीस वर्षे सोसावे लागले.

रीड त्या वेळी वॉशिंग्टनमध्ये होते. परत आल्यावर त्यांनी नवी छावणी उभारली आणि तिला लॅझियर यांचे नाव दिले. तेथील दोन घरांचा प्रयोग वर्गात जरूर समजावून घ्यावा. पहिल्या घरात रोग्यांची उलटी-मळाने माखलेली पांघरुणे होती, डास मात्र नव्हते. तिथे स्वयंसेवक वीस रात्री झोपले आणि ठणठणीत बाहेर आले. दुसरे घर स्वच्छ होते, पण मधोमध तारेची जाळी होती. जाळीच्या एका बाजूला घातक डास सोडले. त्या बाजूचा जॉन मोरान नाताळच्या दिवशी तापाने फणफणला, पलीकडच्या बाजूचे निरोगी राहिले. हवा तीच, घर तेच, फरक फक्त डासांचा.

काही स्पॅनिश स्थलांतरितांनीही स्वतःला डास चावू दिले. त्यांना शंभर डॉलर मिळत, आजारी पडल्यास आणखी शंभर, आणि धोका समजावून सांगणारा लेखी करार होई. गरीब माणसाने शंभर डॉलरसाठी दिलेली संमती कितपत खरी, यावर वर्गात वाद घालता येईल. करार स्पॅनिश भाषेतही होता ही गोष्ट मात्र त्या काळात मोठी होती.

३१ डिसेंबर १९०० रोजी रात्री बाराला दहा मिनिटे कमी असताना रीड यांनी पत्नीला पत्र लिहिले. जुन्या शतकाची दहाच मिनिटे उरली आहेत, आणि मानवी दुःख थोडे तरी हलके करता यावे ही वीस वर्षांची आपली प्रार्थना फळाला आली, असे ते म्हणतात. (शतक १९०० च्या अखेरीस संपते, १८९९ च्या नव्हे. रीड यांचे गणित चोख होते!) शास्त्रीय निबंधात असा माणूस भेटत नाही. तिथे केवळ तारखा, तापमान आणि डासांचे क्रमांक असतात. रीड त्यानंतर दोन वर्षेही जगले नाहीत. नोव्हेंबर १९०२ मध्ये आंत्रपुच्छाच्या विकाराने ते गेले.

ही पत्रे आज वाचता येतात याचे श्रेय फिलिप हेंच यांना आहे. संधिवातावर कॉर्टिझोनचा उपयोग दाखवल्याबद्दल १९५० चे नोबेल पारितोषिक मिळालेले हे डॉक्टर. त्यांनी हयात असलेल्या स्वयंसेवकांना पत्रे लिहिली, क्यूबात जाऊन छावणीची जागा हुडकली आणि कुटुंबांकडील कागद, छायाचित्रे गोळा केली. १९६५ मध्ये ते वारल्यावर त्यांचा संग्रह व्हर्जिनिया विद्यापीठाला मिळाला. रीड त्याच विद्यापीठातून १८६९ मध्ये डॉक्टर झाले होते.

आता पुन्हा अंधेरीला येऊ. पीतज्वर असलेल्या देशातून लसीचा दाखला नसताना आलेल्या प्रवाशाला मुंबई विमानतळावर सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवता येते. सहाच का? कारण डास चावल्यापासून ताप येईपर्यंत तीन ते सहा दिवस लागतात, आणि लॅझियर यांच्या बाबतीत ते पाच होते. टोचल्यानंतर दहा दिवसांनी दाखला लागू होतो आणि २०१६ पासून तो जन्मभर चालतो. ही लस मॅक्स थायलर यांनी १९३७ मध्ये तयार केलेल्या ‘१७ डी’ या विषाणूची.

रोग आपल्याकडे का आला नाही, याचे एकच उत्तर नाही. कोणी म्हणतात, डेंग्यूसारख्या नात्यातल्या विषाणूंमुळे आपल्या रक्तात थोडा प्रतिकार असावा. कोणी म्हणतात, विषाणू येण्याचा मार्गच अडला आहे. १९५२ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्रातील (१९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) स्मिथबर्न, केर व गटणे यांनी भारतीयांच्या रक्तनमुन्यांतील निरनिराळ्या विषाणूंविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी १९५४ मध्ये प्रसिद्ध केली. प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही.

शिक्षकांनी फळ्यावर एक उदाहरण घालावे. एक माणूस १ जूनला पीतज्वराने आजारी पडला. ३ जूनला त्याला निरोगी डास चावला. डास बारा दिवसांनी घातक होतो आणि त्याच दिवशी शेजाऱ्याला चावतो, असे धरा. शेजारी कोणत्या तारखांच्या दरम्यान आजारी पडेल? उत्तर १८ ते २१ जून येते. आता डासाने पहिला चावा १० जूनला घेतला असता तर काय झाले असते, ते मुलांनी सांगावे.