ट्रम्पेट : ओळख आणि वादन

शाळेच्या बँड पथकात ट्रम्पेट आला तेव्हा एका पालकांनी मला विचारले, "सर, गावकीचे वाजवणे सोडून आपल्याला दोन पिढ्या झाल्या. आता पोराच्या हाती पुन्हा वाजंत्र कशाला?" प्रश्न रास्त होता. १९५६च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या वडीलधाऱ्यांनी अनेक गावांत मिरवणुकीपुढचे वाजवणे निर्धाराने सोडले होते. म्हणून प्रथम हे वाद्य काय आहे ते पाहू.

ट्रम्पेट म्हणजे गुंडाळलेली पितळी नळी. सरळ केली तर सुमारे दीड मीटर भरेल. नुसत्या फुंकरीने ती वाजत नाही. मिटलेले ओठ माऊथपीसला टेकवून त्यांमधून हवा अशी सोडावी लागते की ओठच थरथरावेत. ओठ अधिक आवळले आणि श्वासाचा वेग वाढवला की बोट न हलवताही षड्जावरून पंचमावर, तेथून तार षड्जावर जाता येते. मधले स्वर मात्र सापडत नाहीत; बिगुलाची मर्यादा हीच. ती व्हॉल्व्हमुळे ओलांडता आली. त्याचे पेटंट श्टोल्झेल व ब्ल्यूमेल यांनी १८१८ मध्ये बर्लिनला घेतले. आजच्या ट्रम्पेटला असे तीन व्हॉल्व्ह असतात. मधला दाबला की स्वर अर्ध्या स्वराने उतरतो, पहिल्याने एका, तिसऱ्याने दीड. (मुलांना वाटते, दाबले की स्वर चढेल, प्रत्यक्षात नळीची लांबी वाढते, म्हणून तो उतरतो.) ओठ आणि ही तीन बोटे यांच्या मेळातून बाराही स्वर निघतात.

३१ डिसेंबर १९१२च्या रात्री न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यावर पिस्तूल झाडल्याबद्दल लुई आर्मस्ट्राँग या अकरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला पकडून सुधारगृहात धाडण्यात आले. तेथील शिक्षक पीटर डेव्हिस यांनी पुढे त्याच्या हाती बिगूल आणि मग कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटचे सख्खे भावंड, दिले. तो त्या बँडचा प्रमुख झाला. पुढे जगाने त्याला ट्रम्पेटवादक म्हणून ओळखले. १९५७ मध्ये लिटल रॉकच्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची वाट अडवली गेली, तेव्हा त्याने राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यावर उघड टीका केली आणि सरकारतर्फे ठरत असलेला सोव्हिएत दौरा नाकारला. इतिहासाचा शिक्षक म्हणून मला हे त्याच्या ध्वनिमुद्रिकांइतकेच मोलाचे वाटते.

त्या पालकांना मी एवढेच म्हणालो, "गावकीचे वाजवणे जन्माने गळ्यात पडे, नाही म्हणण्याची सोय नसे. हे तुमच्या मुलाने स्वतः मागितले आहे, स्वरलिपी वाचून तो ते शिकणार आहे, आणि नकोसे झाले तर खाली ठेवणार आहे." त्यांचे पूर्ण समाधान झाले असे म्हणवत नाही. पण मुलाला त्यांनी थांबवले नाही.

शिकणाऱ्याने पहिला आठवडा केवळ माऊथपीसवर काढावा. उंच स्वरासाठी तो ओठांवर रेटू नये. ओठांच्या दुखापतीने आर्मस्ट्राँगलाही काही काळ वादन थांबवावे लागले होते. सराव दररोज थोडाच, पण न चुकता. शेवटी नळीतील पाणी काढून व्हॉल्व्हला तेलाचे दोन थेंब द्यावेत. त्या पाण्याची किळस वाटण्याचे कारण नाही. ती बहुतांशी श्वासाचीच थंड झालेली वाफ असते.