बरे झाल्यावरही बंद दार

‘वेड्यांचे इस्पितळ’ हे शब्द कानी पडताच आपण हसतो, किंवा आवाज तरी खाली आणतो. आमच्या घरात आवाज खाली येत असे. माझी आत्या तिशीत एका मनोरुग्णालयात दाखल झाली. चौदा वर्षांनी ‘यांना घरी नेण्यास हरकत नाही’ असे डॉक्टरांचे पत्र आले. पण न्यायला कोणी गेले नाही. ते पत्र गेल्या वर्षी मला बाबांच्या ट्रंकेत सापडले. तेव्हापासून या विषयाचा जो थोडा अभ्यास केला, तो येथे मांडीत आहे.

१९१२ च्या कायद्याची दृष्टी मुख्यतः बंदोबस्ताची होती. १९८७ चा कायदा १९९३ मध्ये अमलात आला व ‘वेडा’ हा शब्द जाऊन ‘मनोरुग्ण’ आला. तरीही २००१ साली तामिळनाडूतील एरवाडी येथे आग लागली, तेव्हा साखळदंडाने बांधलेले २८ रुग्ण जळून मेले. आज लागू असलेला मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ चा असून तो २९ मे २०१८ पासून अमलात आहे. रुग्णाला साखळीने बांधण्यास त्यात पूर्ण मनाई आहे, आणि रुग्णांच्या हक्कांसाठी एक स्वतंत्र प्रकरणच आहे.

त्यातील कलम १९ मला सर्वांत मोलाचे वाटते. केवळ कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारीत नाही किंवा राहायला घर नाही, एवढ्या कारणासाठी कोणालाही रुग्णालयात ठेवून घेता येत नाही. अशांसाठी शासनाने समाजातच लहान निवासगृहे उभारावीत किंवा त्यांना साहाय्य करावे, असेही तेथे म्हटले आहे. कलम २० नुसार रुग्णाला स्वच्छ जागा, खाजगीपणा व केलेल्या कामाचा मोबदला मिळाला पाहिजे. सक्तीने मुंडण करता येत नाही. इच्छा असल्यास स्वतःचे कपडे घालता येतात. विनामूल्य कायदेशीर मदतीचा हक्क आहे. तक्रार प्रथम संस्थेच्या प्रमुखाकडे करावी. समाधान न झाल्यास पुनर्विलोकन मंडळाकडे जाता येते.

येथे कोणी म्हणेल, गरीब कुटुंबाने काय करावे? प्रश्न रास्त आहे. धाकट्या बहिणीचे लग्न मोडेल, या भीतीने बाबा गप्प राहिले. त्यांना मी दुष्ट म्हणणार नाही. परंतु कुटुंबाची अडचण ही रुग्णाची शिक्षा होऊ नये, एवढेच कायदा सांगतो. आणि हक्क कागदावर असला, तरी तो मागणारे कोणीतरी लागते. आत असलेल्या माणसाला तो ठाऊकच नसतो.

मी आत्याला भेटले, तेव्हा तिने घराविषयी काहीच विचारले नाही. ‘मला माझं लुगडं नेसू देतील का गं?’ एवढेच म्हणाली. मी कलम २० ची प्रत परिचारिकाबाईंना दाखविली. त्यांनी ती शांतपणे वाचली. पुढच्या भेटीत आत्या आजीचे हिरवे लुगडे नेसून बाकावर बसली होती. बाबाही बरोबर होते. घरी नेण्याचा निर्णय अजून झालेला नाही. पण ते पत्र आता ट्रंकेत नाही, देवघराशेजारच्या फळीवर आहे.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्यापैकी कोणाच्या घरात असे एखादे नाव हळू आवाजात घेतले जात असेल, तर ते एकदा मोठ्याने घ्यावे आणि भेटीची वेळ विचारून यावी. अभ्यासाची सुरुवात तेथूनच होते, असे मला वाटते.